बनुबाईच्या वाटणीचा भुसा

बेलापुरात कोंबड्या पुष्कळांनी पाळल्या, पण कोंबड्यांचं अंथरूण केशरबाईइतकं कुणी जपलं नाही. परसातल्या जाळी मारलेल्या खुराड्यात तिने लाकडाचा भुसा वीतभर पसरला होता. रोज सकाळी ती तो दाताळ्याने उलथायची, वर चुलीतली राख भुरभुरायची आणि मूठभर उचलून दाबून बघायची. मूठ उघडल्यावर भुसा सुटा झाला तर बरं. लाडू वळला तर तो ओला, आणि ओल्या भुशावर कोंबड्या मरतात. घरात चहाला उशीर झाला तरी चालेल, ही मूठ चुकायची नाही. हिच्या कोंबड्यांचे पाय माझ्या पोरांच्या पायांपेक्षा स्वच्छ, असं शेजारची मालनबाई म्हणायची, आणि ते खोटं नव्हतं.

सासू बनुबाई अंथरुणाला खिळली तेव्हा केशरबाईनेच युक्ती काढली. कापसाच्या गादीला वास मारायचा, म्हणून जुन्या लुगड्याची खोळ शिवून तिच्यात तोच भुसा भरला. ओला झाला की रिता करायचा, कोरडा भरायचा. नवरा गोरक्ष साखर कारखान्यातली पाळी संपवून येताना वखारीतून भुशाचं पोतं लुनावर घालून आणायचा. सेवा करावी तर आमच्या हिनं, असं तो चारचौघांत सांगायचा. केशरबाईला ते ऐकायला आवडायचं, उगाच कशाला नाही म्हणा.

फाल्गुनात एका दुपारी खुराड्यातलं पाण्याचं घमेलं लवंडलं आणि सगळा भुसा भिजला. गावात कोंबड्यांना मर लागलेली. घरात एकच पोतं होतं, म्हातारीसाठी आणलेलं. केशरबाईने ते परसात ओढत आणलं, तोच आतून हाक आली.

"केशर, पाठ वली झाली गं. कूस बदल."

आले आत्याबाई, एवढं उरकते, असं म्हणून तिने पोतं कोंबड्यांखाली रितं केलं. उरकायला दिवस कलला. आत गेली तेव्हा बनुबाई संपलेली होती.

शेवटची आंघोळ घालताना मालनबाई पुटपुटली की पाठ लई गार हाय. गोरक्षने विचारलं, पोतं भरलं होतं ना खोळीत? केशरबाई हो म्हणाली. रीतीप्रमाणे म्हातारीचं अंथरूण गावाबाहेर नेऊन टाकलं. तिच्या वाटणीचा भुसा तेवढा घरी राहिला.

दहावं झालं, आणि दुसऱ्या सकाळी केशरबाईच्या मुठीत लाडू वळला. तिने घमेलं पाहिलं, ते जागच्या जागी होतं. वरचा पत्रा धड होता, आभाळात ढग नव्हता. भुसा भिजला होता तो फक्त भिंतीकडेला, लांबट पट्ट्यात. तिने तो उकिरड्यावर टाकला आणि कोरडा पसरला. दुसऱ्या दिवशी तीच जागा ओली. मग तिने सगळा भुसा काढला, भुई सारवली, चुना मारला, नवा थर घातला. ओल परत आली, आणि आता तिचा आकार नीट दिसू लागला. एका टोकाला गोल, मग रुंद, आणि खाली मुडपलेली. बनुबाई गुडघे पोटाशी घेऊन निजायची.

कोंबड्या त्या जागेवर पाय ठेवत नव्हत्या. आजाऱ्याच्या उशाशी माणसं बसतात तशा त्या भोवतीने बसायच्या, चोच मिटून. मग एकेक मरू लागली. केशरबाई गोरक्षच्या आधी उठून त्या आकारावर कोरडा भुसा टाकायची. तिला भीती वाटायची, पण भीतीपेक्षा लाज मोठी होती. त्याने हे पाहिलं असतं तर आपली आई ओळखली असती.

एका सकाळी ती भुशाची पाटी घेऊन आत वाकली आणि सगळ्या कोंबड्यांनी एकदम माना तिच्याकडे वळवल्या.

"केशर, पाठ वली झाली गं."

आवाजात राग नव्हता. राग असता तर ती पळून गेली असती. तिला रडू फुटलं. ती गुडघ्यांवर बसली आणि तिने दोन्ही हात ओल्या भुशाखाली घातले. हातांना ओझं लागलं.

मागे दारात गोरक्ष उभा होता, खांद्यावर टॉवेल टाकून. हे काय चाललंय, असं त्याने विचारलं.

"तुमच्या आईची कूस बदलतीय," ती म्हणाली. "त्या दिशी राहिली. त्यांचा भुसा मी कोंबड्यांना घातला हुता. तुमाला खोटं सांगितलं."

तो टॉवेल जाळीवर टाकून वाकून आत आला, खालच्या टोकाशी बसला आणि त्याने भुशात हात घातले. त्याचा चेहरा उतरला.

"हळू," तो म्हणाला. "उजवा गुडघा दुखतो तिचा."

केशरबाईने मान हलवली, आणि दोघांनी मिळून कूस वळवली.