चिमणीच्या घरट्यातले ढेकूण

बाळंतपण उरकून अनुया बदलापूरहून सासरी बुवापाड्याला आली आणि थोड्याच दिवसांत तान्ह्या सोनूच्या मानेवर लाल गांधी उठल्या. तिच्या सासूनं, बकुळानं, त्या निरखून पाहिल्या. ढेकूण! सुनेच्या माहेरी कळलं तर काय म्हणतील? अनुया तोंडातून शब्द काढत नव्हती, त्यानं तर बकुळा अजूनच कानकोंडी झाली. तिनं गाद्या उन्हात टाकल्या, गोधड्या उकळल्या, खाटेच्या सांध्यांत कढत पाणी ओतलं. सकाळी पाहावं तर नव्या गांधी होत्याच.

"अनुया, थोडे दिवस माहेरी जाऊन ये," शेवटी ती खाली मान घालून म्हणाली.

अनुयाचं लक्ष भिंतीकडे होतं. झरोक्यातल्या चिमणीच्या घरट्यातून एक तपकिरी ठिपका खाली सरकत होता. त्याच्यामागे आणखी दोन.

"आई, हे खाटेतले नाहीत. वरून येतायत!"

बकुळाचा नवरा, हरिचंद्र, स्टुलावर चढला. घरट्यात चिमणीची उघडी पिल्लं चोची वासून होती आणि त्यांच्या पंखांखाली किडे चिकटून रक्त पीत होते.

"अख्खं घरटंच फेकतो बाहेर."

"थांबा ना, बाबा," अनुया म्हणाली. "आपल्या सोनूला निदान अंगभर कपडे आहेत. ह्यांना तर अजून पिसंही नाहीत."

हरिचंद्रानं घरटं खाली उतरवलं. सासू-सुनेनं एकेक पिल्लू तळहातावर घेऊन ओल्या कापसानं किडे टिपले. चपलेच्या खोक्यात कोरडं गवत घालून पिल्लं त्यात ठेवली आणि खोकं झरोक्यात बसवलं. जुनं घरटं उकळत्या पाण्यात गेलं.

चिमणी चोचीत अळी धरून गजावर बसली. आत काही जाईना. दोघी स्वयंपाकघराच्या दारात श्वास रोखून उभ्या राहिल्या. आतून चिवचिव झाली तशी ती टुणकन खोक्यात शिरली.

बकुळाचे डोळे भरले. "मला वाटलं, आमचं घर घाणेरडं म्हणून तू मनातून चिडलीस."

"मी? मला तर तुमचीच भीती वाटत होती," अनुया म्हणाली. "म्हटलं, आईंना वाटणार, हिनंच माहेरून बॅगेत ढेकूण आणले!"

दोघींना हसू आवरेना.

"हळू, हळू," हरिचंद्र मागून कुजबुजला, "चिमणी उडून जाईल."