फितींचा पडदा

"काका, ओढू नका! चिकटवलंय ते!" पोरगी काउंटरमागून धावतच आली.

कॅसेटवाल्याने भिंतीवरच्या निळ्या खोक्यावरून हात मागे घेतला. पंचवीस वर्षं सिनेमाच्या कॅसेटी भाड्याने देता देता त्याचं खरं नाव लोक कधीच विसरले होते. दुकान मोडलं तेव्हा सगळा माल याच पोरीने नेला, आपल्या नव्या कॉफीच्या दुकानात सजवायला. आणि या शहाण्याने देताना एकदा तरी खोकी उघडून बघावीत की नाही!

"शनिवारी बाबांचं बोट धरून यायचे मी तुमच्याकडे," ती म्हणाली. "एक कॅसेट निवडायला तासभर लावायचे, पण तुम्ही कधी हाकललं नाहीत. किती आठवण येते हो त्या दिवसांची!"

"हो गं. पण या निळ्या खोक्यातली कॅसेट कुठंय?"

"कुठला सिनेमा होता?"

"सिनेमा इतका भिकार, की अकरा वर्षांत कुणी हात लावला नाही. म्हणून तर आमच्या हिची कॅसेट मी त्यात लपवली होती. चुकून कुणी नेऊ नये म्हणून."

बायको जाऊन चार वर्षं झाली होती. दुकान उघडलं त्या दिवशी ती काउंटर पुसत होती आणि "अहो, पुरे की आता, माझं काय शूटिंग करताय!" म्हणून हसत होती. तिचा आवाज जगात तेवढ्या एका कॅसेटीतच उरला होता. काल कॅसेट लावायचं जुनं मशीन दुरुस्त होऊन आलं, आणि तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला, की ती कॅसेट दिलेल्या मालातच गेली.

पोरीचा चेहरा उतरला. "काका... कॅसेटी आम्ही फोडल्या. त्यांच्या फितींचा तो पडदा केलाय."

दारात शेकडो काळ्या फिती लोंबत होत्या. सगळ्या सारख्याच.

"यातली कुठली गं?"

तिला रडूच फुटलं.

"रडू नकोस. तुला बिचारीला काय ठाऊक?" तो म्हणाला. आपल्याच हातांनी वाटोळं केलं, कुणाला बोल लावणार! दाराजवळच्या खुर्चीत तो मटकन बसला.

तेवढ्यात दोन मुलं हसत-खिदळत पडदा सारून आत शिरली. एक फीत तुटून खाली पडली. कॅसेटवाल्याने ती उचलली, बोटाभोवती गुंडाळली आणि खिशात ठेवली. मागून आणखी कुणीतरी येत होतं. तो उठला, दोन्ही हातांनी पडदा अलगद बाजूला धरून उभा राहिला.

"या," तो म्हणाला, "जरा सांभाळून."