मीठ बघ

“भिंतीकडे बघून पोट भरतं का रे, दादा?” चमचा त्याच्या ओठांपाशी धरून तिनं विचारलं.

दादा हलला नाही. चादरीवर त्याचा उजवा हात मनगटापाशीच संपत होता. पुढे नुसतं बँडेज. लाकूड कापायच्या यंत्रानं पंजा नेला, तेव्हापासून या सुताराच्या पोटात अन्न नव्हतं.

“सुतारकाका,” सलाईन बदलता बदलता नर्स म्हणाली, “आजही जेवला नाहीत तर डॉक्टर उद्या नाकातून नळी घालतील. मग चव नाही की ढव नाही.”

“घाला.”

दाराशी जाऊन नर्स तिला हळूच म्हणाली, “ताई, त्यांना जगायचंच नाहीये हो.”

ते तिला ठाऊक होतं. पाया पडून झालं, रडून झालं. शेवटी तिनं देवापुढे शब्द दिला होता: दादाच्या पोटात घास जाईपर्यंत माझ्याही नाही. देव गप्प होता. आज लाँड्रीच्या दुकानात इस्त्री करताना भुकेनं तिला घेरी आली आणि कुणाचा तरी पांढरा शर्ट करपला. आजी असती तर!

आईबापामागे आजीनंच दोघांना वाढवलं. दादा रुसून कोपऱ्यात बसला, की आजी त्याला कधी ‘जेव’ म्हणायची नाही. पळीत थोडीशी आमटी घेऊन यायची. “माझी मेलीची जीभ गेलीय रे. मीठ बघ जरा.” मीठ बघता बघता स्वारी ताटावर बसायची. मागाहून आजी तिला सांगायची, “रुसलेल्याला काम सांगावं गं. आपल्यावाचून कुणाचं अडलंय, हे कळलं की माणूस उठतो.”

तिनं चमचा खाली ठेवला. भाताचा डबा त्याच्या डाव्या हाताशी सरकवला.

“दादा, मीठ बघ रे.”

भिंतीकडूनच आवाज आला. “आजीची सोंगं नकोत.”

“सोंग नाही. मी चव घेतलीच नाहीये. घेता येत नाही मला.”

तो वळला. तिचे सुकलेले ओठ, खोल गेलेले डोळे त्यानं पहिल्यांदाच पाहिले.

“कधीपासून?”

तिनं डबा आणखी पुढे सरकवला. त्यानं डाव्या हाताचं बोट भातात बुडवून जिभेला लावलं.

“दोनदा घातलंयस, येडे.”

तिला हसू फुटलं आणि त्यातच हुंदका आला. त्यानं तांब्या ओढला, खारटपणा मोडायला भातात पाणी ओतलं, अर्धं चादरीवर सांडलं. डाव्या हातानं कसाबसा घास उचलला आणि तिच्यापुढे धरला.

“आधी तू.”

“दादा, मी देवाला...”

“आधी तू. मग बघू.”

घास तिच्या ओठांपाशी आला. शितं गळत होती. तिनं मनातल्या मनात देवाची क्षमा मागितली आणि तोंड उघडलं.

निम्मा घास तिच्या मांडीवर पडला. तिनं तो झटकला नाही. डबा दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरून, खाली मान घालून ती बसून राहिली. तो डावा हात पुन्हा कधी डब्यात येतो, याची वाट बघत.