परत न गेलेला कागद

भाच्याच्या पत्राला साडेसात महिने झाले होते आणि मामांनी अजून उत्तर दिलेलं नव्हतं. पत्र शब्दकोशाच्या तिसऱ्या खंडात होतं. ते आलं त्या दिवशी टेबलावर तोच खंड उघडा होता, म्हणून तिथं गेलं, एवढंच. पण तेव्हापासून मामांनी तिसरा खंड उघडला नव्हता. त्यातला एखादा शब्द अडलाच, तर अंदाजानं चालवून घेत. अडतीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासलेला माणूस अंदाजानं चालवून घेऊ लागला, यावरून काय ते समजावं.

मामा एकटे राहत. दोन खोल्या, भिंतीला लागून पुस्तकं आणि खिडकीपाशी टेबल. छापखान्यातही त्यांना सगळे मामाच म्हणत, पण सख्खा भाचा एकच, धाकट्या बहिणीचा मुलगा. लहानपणी तो चांगला गोलमटोल होता म्हणून त्याचं नाव ढब्बू पडलं. पुढं तो फुटबॉल खेळायला लागला, वाळला, उंच झाला, शहराच्या संघाचा मॅनेजर झाला, वर्तमानपत्रात त्याचे फोटो यायला लागले, तरी घरात तो ढब्बूच राहिला.

संघ सव्वीस वर्षं दुसऱ्या श्रेणीत कुजत होता. ढब्बूनं तीन वर्षांत तो वर काढला. ज्या दिवशी पहिल्या श्रेणीतला प्रवेश पक्का झाला, त्या दिवशी लोकांनी त्याला खांद्यावर घेऊन मैदानाला फेरी मारली. दुसऱ्याच दिवसापासून तीच माणसं विचारायला लागली की हा वर टिकेल का.

पत्रात ढब्बूनंही तेच विचारलं होतं. लिहिलं होतं, 'ती. मामांस सा. न. सगळे विचारतात, मी वर टिकेन का. खरं सांगायचं तर मलाही ठाऊक नाही. सोबत पुढच्या हंगामाचा कागद जोडला आहे. ज्या खेळानं वर आलो तोच खेळ ठेवणार आहे. तुम्ही एकदा नजर टाका. तुमच्याइतकं बारीक बघणारं माझ्या ओळखीत कुणी नाही.'

कागदावर पट्टीनं आखलेलं मैदान होतं आणि त्यात अकरा गोल. बचावफळीचे चार गोल जवळजवळ मधल्या रेषेला टेकलेले. त्यांच्या मागं, थेट गोलरक्षकापर्यंत, नुसता पांढरा कागद.

मामांची नजर त्या पांढऱ्या जागेवर जाऊन थांबली. चेंडूला पाय लावायचा प्रसंग त्यांच्यावर आयुष्यात एकदाच आला होता आणि तेव्हा चेंडू जागेवर राहून चप्पल पुढं गेली होती. पण गेल्या हंगामातला घरच्या मैदानावरचा प्रत्येक सामना त्यांनी पूर्वेकडच्या कोपऱ्यात बसून पाहिला होता. त्या मोकळ्या जागेत समोरच्यांनी लांब चेंडू टाकायचा, त्यांचा एक गडी धावत जाऊन आपल्या गोलरक्षकासमोर एकटा उभा राहायचा, असं एकोणीसदा झालं होतं. गोल फक्त तीनदा, बाकी वेळा चेंडू बाहेर. लोक आपल्या गोलरक्षकासाठी टाळ्या वाजवायचे. मामांना वाटायचं, ही पोरं दुसऱ्या श्रेणीतली आहेत म्हणून चुकताहेत. वरची चुकणार नाहीत.

त्यांनी पेन्सिल घेतली आणि त्या पांढऱ्या जागेत एक बारीकशी खूण केली. तासभर तिच्याकडं बघत बसले. मग खोडरबरानं ती पुसली. आपण कोण? आयुष्यभर दुसऱ्यांच्या वाक्यांतले काने-मात्रे बघितले, स्वतः एक ओळ छापायला दिली नाही. ज्या पोरानं सव्वीस वर्षांचा गाळ उपसला, त्याला आपण फुटबॉल शिकवायचा? पत्राचा पहिला मसुदा मास्तरकीचा झाला, दुसरा लाडीगोडीचा. तिसऱ्यात तारीख टाकली आणि पेन खाली ठेवलं. उद्या लिहू म्हणाले. हंगाम सुरू झाला तेव्हा अजून उद्याच चालला होता.

पहिला सामना चार गोलांनी गेला. दुसरा तीन. चौथ्यात एक बरोबरी हाती लागली तेव्हा लोकांनी उसनं अवसान आणून गाणी म्हटली. पण पुढं तेच. लांब चेंडू, मोकळी जागा, एकटा गडी आणि गोल. वरची मंडळी खरोखरच चुकत नव्हती. कोपऱ्यातल्या जागेवर बसून मामा प्रत्येक वेळी गोल होण्याआधी डोळे मिटत आणि आजूबाजूच्या आवाजावरून काय झालं ते ओळखत.

कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडं दाढीला जाणंही जड झालं. न्हावी संघाचा जुना भक्त, त्यामुळं तोंडाचा पट्टा जास्तच सैल. वस्तरा गळ्याशी आणून तो म्हणाला होता की मामा, तुमच्या भाच्याला सांगा, मागं माणसं ठेवायची नसतील तर निदान एक पाटी तरी लावा, 'आत येण्यास मनाई आहे' म्हणून. बाकावरची माणसं हसली. मामाही हसले, आणि पुढच्या आठवड्यापासून घरीच दाढी करू लागले.

वीस सामने झाले. संघ तळाला. संघाच्या मंडळानं ढब्बूला कळवलं की शनिवारचा सामना गेला तर नवीन माणूस आणावा लागेल.

त्याआधीच्या रविवारी बहिणीनं दोघांनाही जेवायला बोलावलं. मामा जिना चढताना तीनदा थांबले. ढब्बू आधीच येऊन बसला होता. गालफडं आत गेली होती, डोळ्यांखाली काळं. वाकून नमस्कार केला तेव्हा मामांना त्याच्या मानेचं हाड दिसलं.

जेवताना बहिणीनं फुटबॉल सोडून जगातला प्रत्येक विषय काढला. शेजारणीचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, नळाचा वॉशर बदलून झाला. ढब्बू ताटात बोटं फिरवत होता. मग त्यानं स्वतःच सुरुवात केली. सहायक प्रशिक्षक तीन महिने कानीकपाळी ओरडतोय की बचावफळी मागं घ्या. आता कॅप्टनही तेच म्हणतोय.

"मग?" मामांनी विचारलं.

"मग काय. मी त्यांना सांगितलं, हा कागद माझ्या मामांनी बघितलाय."

मामांचा हात ताटातच राहिला. "मी कुठं बघितला? म्हणजे, मी तर काहीच कळवलं नव्हतं."

"तेच ना. तुमच्याकडून कागद परत आला नाही. परत आला नाही म्हणजे त्यात चूक नाही. हे काय मला आज कळतंय?"

बहीण हसली. किती दिवसांनी तिला हसायला काहीतरी मिळालं होतं. "दादा, तुला आठवतं? सातवीत निबंध लिहिला की हा तो तुझ्या टेबलावर ठेवून यायचा. संध्याकाळपर्यंत परत नाही आला की घरभर नाचायचा."

मामांना आठवत होतं. तो छापखान्यातला रिवाज होता. ज्या प्रुफात चुका असतील ते खुणा करून, अक्षरं जुळवणाऱ्या जुळाऱ्याकडं परत पाठवायचं. ज्यात चूक नाही ते परत जायचं नाही. ते भिंतीवरच्या खिळ्याला लावायचं आणि तिथून ते सरळ छपाईला जायचं. घरी भाच्याच्या निबंधांनाही त्यांनी तोच नियम लावला होता. सहा वर्षांत खिळ्याला निबंध लागले ते दोनच. त्या नियमाच्या भरवशावर हे पोर पहिल्या श्रेणीत उतरलं होतं आणि त्याचा कागद तिसऱ्या खंडात पडून होता.

"खोट कागदात नाही, मामा," ढब्बू म्हणाला. "माझ्यातच आहे. खालच्या श्रेणीचाच माणूस मी. माझी तेवढीच धाव होती. लोक पहिल्या दिवसापासून म्हणत होते, मलाच उशिरा कळलं."

आता बोलायचं होतं. एकच वाक्य. मामांच्या ओठांपर्यंत ते आलंही. पण समोर बहीण अजून हसऱ्या चेहऱ्यानं वाढत होती, आणि मामांनी काय सांगितलं तर ताटाकडं बघत, की शनिवारी होईल ठीक.

घरी परतताना त्यांनी स्वतःला जेवढ्या शिव्या येत होत्या तेवढ्या दिल्या. फारशा येत नव्हत्या.

मंगळवारी त्यांनी चिठ्ठीवर लिहून काढलं, 'बचावफळी वीस पावलं मागं घे. मला हे आधीच दिसलं होतं.' चिठ्ठी समोर ठेवून फोन लावला. पलीकडं सरावाचा गोंगाट होता, शिट्ट्या वाजत होत्या. ढब्बू घाईत म्हणाला, "बोला, मामा."

"जेवलास का?" मामांनी विचारलं.

"हो. तुम्ही?"

"मीही."

"काही काम होतं का?"

"नाही, नाही. चालू दे तुझं."

फोन ठेवल्यावर त्यांनी चिठ्ठीची घडी घातली. बुधवार गेला, गुरुवार गेला. फोन तिथंच होता.

शनिवारी ते कोपऱ्यातल्या जागेवर जाऊन बसले. सत्तराव्या मिनिटापर्यंत गोल नव्हता. लोक उभे राहिले होते, मामांच्या मनातही क्षणभर आलं की बरं झालं बोललो नाही, पोराचंच बरोबर होतं. आणि मग समोरच्या बॅकनं मान वर करून लांब चेंडू टाकला. या वेळी मामांनी डोळे मिटले नाहीत. चेंडू नेमका त्या पांढऱ्या जागेत पडला. गडी एकटा धावला आणि गोल झाला. अकरा मिनिटांनी पुन्हा तसाच.

माणसं पिशव्या उचलून निघाली. मागच्या बाकावरचा एक जण सोबत्याला म्हणाला की खालच्या इयत्तेतलं पोर वरच्या वर्गात बसवलं की दुसरं काय होणार. सोबती म्हणाला की आता दप्तर घेऊन घरी पाठवतील. दोघंही हसले नाहीत.

ढब्बू रेषेपाशी खिशात हात घालून उभा होता. शिट्टी वाजल्यावर त्यानं पूर्वेकडच्या कोपऱ्याकडं पाहिलं. मामा तिथं बसतात हे त्याला माहीत होतं. त्यानं मान हलवली, जसं काही तोच मामांची समजूत काढत होता.

सोमवारच्या वर्तमानपत्रात ढब्बूला काढल्याची बातमी आली. सात ओळी. वरच्या श्रेणीचा ताण त्यांना पेलवला नाही, असं त्यात म्हटलं होतं. बहिणीचा फोन आला की ढब्बू खोलीबाहेर येत नाही, खालच्या श्रेणीतल्या एका संघाचं बोलावणं आलंय तर म्हणतो, मला या धंद्यातलं काही कळत नाही, त्यांना नाही म्हणून सांग. बोलता बोलता ती रडायला लागली. मामांनी फोन ठेवला.

मग त्यांनी तिसरा खंड काढला. कागद टेबलावर पसरला, लाल पेन्सिलीला टोक केलं आणि पांढऱ्या जागेत, जिथं पुसलेल्या खुणेचा वण अजून दिसत होता, तिथंच पुन्हा खूण केली. पत्र एका बैठकीत झालं.

'चि. ढब्बूस अनेक आशीर्वाद. कागद परत पाठवत आहे. चूक खूण केली आहे तिथं आहे. ती मला कागद आला त्याच दिवशी दिसली होती. मी खूण केली आणि पुसली, कारण मला धीर झाला नाही. मग तुझ्या आईसमोर आणि फोनवरही झाला नाही. तू माझ्या गप्प बसण्याचा जो अर्थ घेतलास तो मीच तुला शिकवला होता. दुरुस्ती केली असती तर तुम्ही वर टिकला असता का, हे मला माहीत नाही. नसताही कदाचित. पण तुझी लायकी नव्हती हे जे तू धरून बसला आहेस, ते या हंगामावरून ठरत नाही. प्रूफ तपासणाऱ्यानं कामात कसूर केली, एवढंच ठरतं. बोलावणं आलं आहे तिथं जा. पुढचा कागद मला दाखवू नकोस. ज्याला बोलण्याची भीती वाटत नाही अशाला दाखव. सहायकाला दाखव.'

पुन्हा वाचलं. एके ठिकाणी अनुस्वार राहिला होता, तो दिला. हे वाचून पोरगा उठेल की फक्त मामांवरचा उरलासुरला विश्वास जाईल, ते काही सांगता येत नव्हतं. एक गोष्ट मात्र नक्की होती. आता टेबलावर कुणाचाच कागद येणार नाही.

टपालपेटी न्हाव्याच्या दुकानापलीकडं होती. न्हाव्यानं काचेतून पाहिलं आणि तो पुन्हा गिऱ्हाईकाच्या दाढीकडं वळला. मामांनी पाकीट पेटीच्या तोंडात सरकवलं, पण बोटं सुटेनात. मागं एक बाई हातात पाकिटांचा गठ्ठा घेऊन उभी होती.

"आजोबा, टाकताय ना?"

"टाकतोय," मामा म्हणाले.

आत पाकीट पडल्याचा आवाज झाला. मामा बाजूला झाले आणि त्यांनी बाईंना वाट दिली.