पट्टेकरी पाणी मागतो

दवाखान्याच्या त्या खोलीत तीन खाटा होत्या, अन् तिन्ही खाटांवर मोडलेली हाडं निजली होती. अमरावतीचा वैशाख, अठ्ठावन्न साल. दुपारी खिडकीचे गज हात लावू देत नसत.

खिडकीपाशी दुर्गाबाई. चांदूर रेल्वेजवळच्या गावात वीस एकर काळं रान, दोन बैलजोड्या, अन् घरात तिचाच शब्द चाले. कडब्याच्या गंजीवरून घसरली अन् डावा पाय मोडून बसली. मधल्या खाटेवर सत्तरीची मैनाबाई. कंबर बांधलेली, जीभ तेवढी मोकळी. दाराशी जयवंता. बाविशीची पोर, मास्तरीण व्हायचं शिक्षण घेत होती, डावा हात प्लास्टरात. तिच्या उशाशी बुद्धाचं लहानसं चित्र होतं. तिच्या घरानं दोन वर्षांपूर्वी धम्म घेतला होता.

पाण्याचा माठ बाहेर व्हरांड्यात, वीस पावलांवर. दुर्गाबाईची नणंद लीलाबाई राजापेठेतून रोज सकाळी डबा आणि तांब्याभर पाणी आणून देई. तो तांब्या दुपारपर्यंत कोरडा होई. पहिल्याच दिवशी जयवंतानं विचारलं होतं, "मावशी, पाणी आणू का?"

"राहू दे. तहान नाही मले."

ओठ सुकून पापुद्रे निघाले होते. जयवंतानं ते पाहिलं, अन् पुन्हा विचारलं नाही. मैनाबाईला मात्र ती दिवसातून चारदा ओगराळं भरून आणून देई. ते गटागटा पिण्याचे आवाज दुर्गाबाई डोळे मिटून ऐके.

चार दिवसांपूर्वी दुर्गाबाईचं प्लास्टर कापलं. डॉक्टर म्हणाले, हाड जुळलं, आता टेका पाय. दुर्गाबाईच्या मनात एकच गोष्ट होती: चालत त्या माठापाशी जायचं, आपल्या हातानं घ्यायचं, अन् पोटभर प्यायचं. पण फरशीला तळवा लागला की पाय वाऱ्यावरच्या कपाशीच्या पऱ्हाटीसारखा थरथरे, अन् ती मागे खाटेवर बसे.

जयवंताचा बाप देवमन पलटणीत शिपाई होता. लढाईत जखमी होऊन तो महिनाभर पडून राहिला, तेव्हा त्यानं एक डाव रचला होता. जयवंतानं तो जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर आखला. चौकोनांची वाट, वाटेवर खंदक, शेवटी किल्ला. चार फोडलेले चिंचोके उधळायचे अन् पांढऱ्या बाजू मोजायच्या.

"आपण तिघी एका बाजूनं," ती म्हणाली. "किल्ल्यातले पहारेकरी चिंचोक्यायच्या मर्जीनं लढतीन. सोंगं तीन. पट्टेकरी एका वारात दोघं पाडते, पण त्याले मागं सरकता येत नाही. तिरंदाज दुरून मारते, पण जवळ कोणी आलं का त्याचे हात बांधले. आन् पाणक्या. त्याच्यापाशी हत्यारच नाही. मात्र पडलेल्याले पाणी पाजून तो उठवते. हरेकाले पाच दम; वार लागला का एक जाते."

"गुण देल्ला तं खोट काहून देते व?" मैनाबाईनं विचारलं.

"बाबा म्हणते, खोट नसली का मंग सोबत कोणाची लागत नाही."

लाल खडा पट्टेकरी, काळा खडा तिरंदाज, अख्खा चिंचोका पाणक्या. सोंगं मुठीत धरून वाटली. दुर्गाबाईला पट्टेकरी आला, ती हरखली. मैनाबाईला तिरंदाज. जयवंताच्या मुठीत उरला पाणक्या.

"पुन्हा वाटू," मैनाबाई पुटपुटली.

"नाही. किल्ला पडेपर्यंत सोंग बदलत नाही." जयवंताचा आवाज सरळ होता. "मले बी पट्टेकरीच पायजे होता. आला तो आला."

दुर्गाबाई खेळली ती आपल्या रानात उभी असल्यासारखी. खंदक ओलांडला, दोघांना पाडलं, कोणाची वाट न पाहता थेट किल्ल्याच्या दारात. तिथं पाचही दम संपले अन् लाल खडा आडवा झाला. जयवंताचा पाणक्या मागून एकेक घर सरकत तिथं पोहोचला.

"मावशी, नियम असा हाय का पाणी जबरदस्तीनं पाजता येत नाही. पडलेल्यानं मांगा लागते."

दुर्गाबाईनं खिडकीबाहेर पाहिलं. "राहू दे. मरू दे त्याले."

"मंग हरलो." जयवंतानं चिंचोके डबीत भरले. चेहऱ्यावर काही नव्हतं, फक्त डबीचं झाकण दोनदा चुकलं.

दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. दारात पट्टेकरी आडवा, शेजारी पाणक्या उभा, अन् दुर्गाबाई म्हणाली, "राहू दे."

"काव दुर्गे," मैनाबाई म्हणाली, "खड्याले कोणती जात न् चिंचोक्याले कोणती?" आणि तिनं जात्यावरच्या चालीत तिथल्या तिथं ओवी जुळवली:

*पट्टेकरी बाई शूर, वेशीच्या आत गेला,*
*पाण्याच्या घोटापायी, दारात आडवा झाला.*

"बुढे, गप राह्य," दुर्गाबाई म्हणाली. पण सारी रात्र ती ओळ तिच्या मनात जात्यासारखी फिरत राहिली. खड्याला पाणी नको म्हणताना आपल्याच घशाला कोरड का पडली, हे तिला उमगेना.

तिसऱ्या दुपारी तांब्या रोजच्याहून लवकर संपला. डाव मांडला. आज दुर्गाबाई जपून चालली, तरी दारात पडलीच. पाणक्या चार घरं मागे होता, अन् त्या चारही घरांवर किल्ल्याचे बाण येत होते. जयवंतानं चिंचोके उधळले. एक घर, एक दम गेला. पुन्हा एक घर, पुन्हा दम गेला.

"परत फिर व," मैनाबाई म्हणाली, "मरशीन. हे बाई तं मांगत नाहीच."

"पाणक्याले परतता येते," जयवंता म्हणाली. "पण मी परतत नाही. नाही मांगतलं तं ते त्यायचं. पोचलो नाही, असं कोणी म्हणू नये."

चौथ्या घरी चिंचोका थांबला. पाणक्याकडे एकच दम उरला होता. लाल खड्याशेजारी तो टेकला.

दुर्गाबाईनं त्याच्याकडे पाहिलं. इवलासा चिंचोका. ना ढाल, ना तलवार, अन् बाणांतून चालत आलेला. आपल्याला तर वीस पावलं धजवत नाहीत.

"दे," ती म्हणाली.

जयवंतानं लाल खडा उभा केला. दुर्गाबाईनं चिंचोके उधळले, चारही पांढरे. उरलेले दोन्ही पहारेकरी एका वारात गेले, किल्ला पडला. मैनाबाईनं खाटेवर थाप मारली अन् कंबर दुखली म्हणून स्वतःलाच शिवी दिली.

दुर्गाबाईनं पाय खाली सोडले.

"जयवंता, तुहा उजवा खांदा दुखते का?"

"नाही."

"मंग इकडं ये. मले माठापाशी जायचं हाय."

पहिल्या पावलाला पाय थरथरला. दुर्गाबाईची बोटं पोरीच्या खांद्यात रुतली. पोर हलली नाही. पाचव्या पावलाला घाम, दहाव्याला शिवी, पंधराव्याला हसू. विसाव्या पावलाला माठ.

तिथं दुर्गाबाईला कळलं, की आपले दोन्ही हात व्हरांड्याच्या कठड्याला घट्ट धरून आहेत. सोडले की पडणार. जयवंतानं ओगराळं बुडवून भरलं. भरलं, अन् हातातच धरून उभी राहिली. पुढे केलं नाही.

"मांगा लागते न?" दुर्गाबाई म्हणाली. "तुह्या बापाचा नियम."

"बाबाचा बी. आन् माहा बी. मी पहिल्या दिवशी विचारलं होतं, मावशी."

"हो. मी खोटं बोलली होती. तहान होती मले." ती थांबली. "दे, पोरी."

पाणी थंड होतं. हनुवटीवरून ओघळून चोळी भिजली, तरी ती पीत राहिली. मग दम घेऊन म्हणाली, "उद्या पाणक्या मी घेतो. पट्टेकरी तू."

"घ्या. पण मी पडली तं मांगीन का नाही, ते माहं मी पाहीन."

"पाह्य. मी मात्र पोचतोच."

दुसऱ्या सकाळी लीलाबाई भरला तांब्या घेऊन आली, तेव्हा तिघी डावावर वाकल्या होत्या. पंख्याच्या वाऱ्यानं कॅलेंडर उडत होतं.

"वयनी, पाणी कुठी ठेवू?"

"ह्या कागदाच्या कोपऱ्यावर ठेव, हलते," दुर्गाबाई म्हणाली अन् चिंचोके उधळले. तिचा पाणक्या खंदकाकडे निघाला होता.