खळ्यावरची ग्रामसभा

भागीरथीबाई पंचायतीच्या अध्यक्ष झाल्या त्या दिवशी अभिनंदनाला आलेल्या माणसांनी हार घातले ते त्यांच्या नवऱ्याच्या गळ्यात. तंजावरजवळच्या सुंदरनल्लूरची जागा त्या खेपेला, म्हणजे शहाण्णव साली, बायकांसाठी राखीव निघाली होती. खुर्चीवर नाव बाईचं असलं तरी कारभार सुब्रमण्यरावच बघणार हे सगळ्या गावानं परस्पर ठरवून टाकलं होतं. सुब्रमण्यराव कालवे खात्यातून निवृत्त झालेला शांत माणूस. त्यांनी हार काढून बायकोच्या हातात दिले आणि म्हणाले, "अध्यक्ष ही आहे. मी कॉफी करतो. कितीजण आहांत?"

कॉफी त्यांनी खरंच केली, आणि पुढं पाच वर्षं तेच करत राहिले.

भागीरथीबाईंनी पापनाशमच्या शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलं होतं. चाळीस पोरांच्या वर्गाला त्या कधी भ्यायल्या नव्हत्या, पण नऊ मोठ्या माणसांच्या बैठकीला भीत. पोरांना चूक दाखवली तर ती खोडून पुन्हा लिहितात, मोठी माणसं रुसतात. म्हणून त्यांनी एकच नियम केला होता. वाचल्याशिवाय सही करायची नाही. त्यापायी पंचायतीचा कारकून त्यांच्यावर वैतागलेला असे.

पुढच्या वर्षी नोव्हेंबरात, शेतं पाण्यानं भरलेली असताना, शिवराज नावाचा इंजिनीअर मोपेडवरून गावात आला. तंजावरच्या मराठी घरातला, तिशीचा, चष्म्यावर चिखलाचे थेंब. बाहेरच्या एका सूतगिरणीला या भागात दोन पवनचक्क्या उभारायच्या होत्या, त्यातली एक इथं, आणि त्यासाठी पंचायतीचा ना-हरकत ठराव हवा होता. गाव रायरांचं, म्हणजे तंजावरी मराठी मंडळींचं, अध्यक्षबाई रायरांच्या घरच्या, म्हणून गिरणीच्या कंपनीनं मुद्दाम घरी मराठी बोलणारा माणूस धाडला होता.

"मामी, मज मराठी वाचतां येत नाही हं," त्यानं आधीच सांगून टाकलं. "बोलतो तेवढंच. कागद इंग्रजीत आहे."

"मज गणित येतें," भागीरथीबाई म्हणाल्या. "बैस. कॉफी घे."

त्यानं चित्र पुढं केलं. हिरव्या शेतांमधून वर गेलेला पांढरा शुभ्र खांब, त्याला तीन लांब पाती, मागं निळं आभाळ. भागीरथीबाई चित्राकडे बघतच राहिल्या. त्यांचं सगळं आयुष्य या सपाट मुलखात गेलं होतं. इथं देवळाच्या गोपुराहून उंच काही नव्हतं आणि गोपुरही तीन मजल्यांचं. त्या खांबानं त्यांच्या मनाला भुरळच घातली. पापनाशमच्या स्टेशनावरून गाडी जाताना लोक खिडकीतून बोट दाखवतील, हे कुठलं गाव म्हणून विचारतील. आपल्या कारकिर्दीत एवढं एक झालं तर! त्यांनी हे कुणाला बोलून दाखवलं नाही, पण कागद हातात घेतला तेव्हा त्यांचं मन ठरलेलं होतं.

गावातही उत्साह मावेना. सगळ्यांत पुढं होते उपाध्यक्ष व्यंकोजी. सुब्रमण्यरावांचे चुलतभाऊ, गावातले मोठे जमीनदार, आवाज देवळातल्या नगाऱ्यासारखा. खांब आणायला रुंद रस्ता लागणार होता आणि तो रस्ता त्यांच्या शेताला लागून जाणार होता, हे त्यांनी पहिल्याच दिवशी हेरलं होतं.

"वहिनी, यांत विचार कसला?" ते म्हणाले. "दुनिया पुढं चालली. देशाची दारं उघडलीं म्हणे. आपण काय जन्मभर बगळे मोजीत बसावें?"

"बगळे नाही मोजीत," भागीरथीबाई म्हणाल्या. "कागद वाचतें."

त्या कागद वाचत गेल्या आणि तिसऱ्या पानावर अडखळल्या. जागा म्हणून लिहिली होती गावाची सामाईक उंच जमीन. म्हणजे खळं. चारी बाजूंनी भातशेती, पाणीच पाणी. खळ्याएवढी कोरडी, टणक जमीन गावात दुसरी नव्हतीच. पोंगलच्या सुमाराला सगळ्या गावाचं भात तिथंच झोडलं आणि उफणलं जाई. मग पाचव्या पानावर वाऱ्याचे आकडे आले. आकडे चांगले होते, पण खाली बारीक अक्षरांत मोजणीचं ठिकाण लिहिलं होतं ते पश्चिमेला कोइंबतूरपलीकडच्या खिंडीतलं होतं.

गणिताच्या बाईंना हे उत्तर दुसऱ्याच्या वहीतून उतरवल्यासारखं वाटलं. तरी त्यांनी स्वतःची समजूत घातली. वारा काय, सगळीकडे असतो. खात्री म्हणून विचारून घेऊ, म्हणजे निर्धास्त सही करता येईल. आणि विचारायचं तर कुणाला, हेही त्यांना ठाऊक होतं.

शेषम्मा भात उफणणाऱ्या बायकांची म्होरकी. साठी उलटलेली, उन्हानं रापलेली, पण हात अजून सुपासारखे भक्कम. चाळीस वर्षं ती खळ्यावर उभी राहून भाताला वारा देत आली होती. भागीरथीबाई तिच्या अंगणात गेल्या आणि तमिळमध्ये म्हणाल्या, "शेषम्माक्का, आपल्या खळ्यावर वारा कसा असतो?"

शेषम्मा हसली. "टीचरम्मा, कोणत्या महिन्यातला सांगू? आडी महिन्यात, आषाढ-श्रावणात म्हणाल तर सूप हातात ठरत नाही. दीड-दोन महिने नुसता धुमाकूळ. पण तेव्हा उफणायला भातच नसतं. आणि तै महिन्यात, पोंगलला, भात झोडून तयार असतं तेव्हा, वारा रुसलेल्या जावयासारखा. शीळ घालून बोलवावं लागतं. नाहीच आला तर आमच्यातल्या दोघी दोन बाजूंनी चटई हलवतात."

"आणि बाकीचे महिने?"

"बाकीचे महिने वारा दुपारी येतो, पाणी पितो, जातो."

भागीरथीबाई घरी येऊन जेवायला बसल्या. सुब्रमण्यरावांनी पानात दही वाढलं तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

"काय झालें?" त्यांनी विचारलं.

"मज ती चक्की फार हवी होती हो," भागीरथीबाई म्हणाल्या. आणि हे मोठ्यानं म्हटल्यावर त्यांना कसंसंच झालं, शाळेत एखाद्या लाडक्या पोराला नापास करायची वेळ येई तसं.

सुब्रमण्यरावांनी थोडा विचार केला. "मग गावासमोर बघा. तुम्ही एकटीनं नापास कां करावें? परीक्षा सगळ्यांसमोर होऊं दे."

सव्वीस जानेवारीची ग्रामसभा दरवर्षी पंचायतीच्या ओसरीवर होत असे. त्या वर्षी भागीरथीबाईंनी ती खळ्यावर बोलावली. भात झोडून झालं होतं, सोनेरी ढीग रचून ठेवले होते, पेंढ्याचा वास सुटला होता. शेषम्मा आणि तिच्या बायका एका अंगाला कामातच होत्या. व्यंकोजी धुवट धोतर नेसून, पापनाशमहून दोन पाहुण्यांना घेऊन आले होते, जणू घरचं लग्न होतं. शिवराजही आला, हातात कागद आणि पिशवीत वारा मोजायचं चार वाट्यांचं यंत्र.

भागीरथीबाई उभ्या राहिल्या. समोर तीनशे माणसं. मग त्यांनी सवयीनं हातातली पेन्सिल खडूसारखी धरली आणि आवाज आपोआप वर्गातला झाला.

"ठरावाआधी एक प्रश्न सोडवायचा आहे," त्या म्हणाल्या. "शेषम्माक्का, एक सूप भरा."

शेषम्मानं सूप भरलं, डोक्याच्या वर नेलं आणि हळूहळू ओतलं. भात आणि फोल दोन्ही सरळ एकाच जागी, तिच्या पायाशी पडले. तिनं ओठ मुडपून लांब शीळ घातली. वारा आला नाही. सभेत खसखस पिकली. शिवराजनं यंत्र उंच धरलं. वाट्या अर्धा वेढा घेऊन थबकल्या, उलट्या दिशेनं जरा कलल्या आणि थांबल्या.

"पण मामी, चक्की उंच असते," शिवराज म्हणाला. त्याचा मुद्दा खोटा नव्हता. "वरचा वारा निराळा."

"बरोबर आहे," भागीरथीबाई म्हणाल्या. "वरचं कोण सांगेल?"

नारळ काढणारा वैद्यनाथ गर्दीतून पुढं आला. रोज वीस-पंचवीस माडांच्या शेंड्यावर जाणारा माणूस. "आज सकाळी तीन झाडं चढलो, अम्मा. वर बसून विडी पेटवली. एका काडीत पेटली."

आता मात्र सगळं खळं हसलं. हसले नाहीत ते फक्त व्यंकोजी. "हा काय पोरखेळ? एका दिवसाच्या वाऱ्यावर गावाचं नशीब ठरवायचें?"

"एका दिवसाच्या नाही," भागीरथीबाईंनी आवाज न चढवता सांगितलं. "चाळीस वर्षांच्या. आडीत वारा आहे, तो मी नाकारत नाही. पण बारांतले दोनच महिने. शिवराज, तूच सांग. दोन महिन्यांच्या वाऱ्यावर ही चक्की चालवणं शहाणपणाचं आहे काय? तुझी कंपनी ती इथं कां उभारते?"

शिवराजनं चष्मा काढून शर्टाला पुसला. पुसायला पुष्कळ वेळ लावला.

"खरं सांगूं?" तो शेवटी म्हणाला, आणि मग सगळ्यांना कळावं म्हणून तमिळमध्ये बोलला. "मार्चच्या आत उभी राहिली की गिरणीला करात मोठी सूट मिळते. फिरली काय, नाही फिरली काय. मी तीनदा लिहून कळवलं की इथं आधी वारा मोजा. मी इंजिनीअर आहे. न फिरणारी चक्की उभारायची मला हौस नाही."

शेषम्मा सूप कमरेला लावून म्हणाली, "पोरगा खरं बोलला. त्याला ताक द्या."

हात वर झाले. खळं देऊ नये, असं गावानं ठरवलं. व्यंकोजींनी हात वर केला नाही आणि खालीही ठेवला नाही, अर्ध्यावर कान खाजवत राहिले. भागीरथीबाईंनी ठराव दोनदा वाचला आणि सही केली. सही करताना त्यांना तो पांढरा खांब एकदा डोळ्यांपुढं दिसला. वाईट वाटलं, पण पश्चात्ताप वाटला नाही.

ताक पिता पिता शिवराज म्हणाला, "मामी, आडीतला वारा फुकट जातो याचं मज वाईट वाटतें. तेव्हा तुम्हांस पाण्याची गरज असते कीं नाही?"

असते तर! मेट्टूर धरणाचं पाणी कधी वेळेवर सुटे, कधी महिना-महिना उशिरा. कालवा कोरडा असला की बायका गुरांसाठी विहिरीतून घागरी ओढून ओढून थकत.

"पाणी उपसणारी लहान चक्की असते," शिवराज सांगू लागला. "लोखंडी, माडाच्या निम्म्याएवढी उंच. कडलूरकडे एक कारखाना बनवतो. तिला बारा महिने वारा नको. एखाद्या कोपऱ्यात मावते."

"कुणाच्या कोपऱ्यात?" भागीरथीबाईंनी विचारलं आणि व्यंकोजींकडे बघितलं. सगळ्या सभेनं बघितलं. पापनाशमच्या पाहुण्यांनीसुद्धा.

व्यंकोजींनी घसा खाकरला. "माझ्या विहिरीपाशीं उघडं रान आहे," ते नगाऱ्याच्या आवाजात म्हणाले. "घ्या म्हणावें! पण उद्घाटनाला नारळ मी फोडणार."

त्यासाठी भागीरथीबाईंना ब्लॉक ऑफिसात चार फेऱ्या घालाव्या लागल्या. प्रत्येक खेपेला कुठला ना कुठला कागद कमी असे, आणि प्रत्येक खेपेला त्या तिथंच बाकावर बसून तो लिहून देत. शेवटी तिथल्या साहेबांनी कंटाळून की कौतुकानं कोण जाणे, मंजुरी दिली. शिवराजनं तोवर गिरणीची नोकरी सोडली होती. जोडणीला तो स्वतः आला, दोन दिवस शिडीवरच होता, आणि सुब्रमण्यरावांची कॉफी त्याला दोरीनं वर पोचवली जात होती.

आडी महिन्याच्या दुसऱ्या शुक्रवारी व्यंकोजींनी नारळ फोडला. वारा सकाळपासून बेफाम सुटला होता. नारळाचं पाणी उडून त्यांच्याच धोतरावर आलं. शिवराजनं खीळ काढली. पाती कुरकुरली, मग गरगरू लागली, दांडा वरखाली होऊ लागला. पहिल्यांदा नळीतून नुसती हवा निघाली, नंतर गढूळ चूळ, आणि मग जाड, गार, स्वच्छ धार डोणीत पडली. व्यंकोजींच्या दोन म्हशींनी कुणाच्या भाषणाची वाट न बघता तोंडं घातली.

शेषम्मानं ओंजळ भरून पाणी प्यायलं आणि ओला हात भागीरथीबाईंच्या खांद्यावर ठेवला. एवढ्या वर्षांत तिनं असं कधी केलं नव्हतं.

"वहिनी, फार कुरकुरते हो ही," व्यंकोजी वर बघत म्हणाले. "दुपारची झोप गेली माझी."

"तेल घाला," भागीरथीबाई म्हणाल्या, आणि पदर खोचून त्याही पाण्याखाली पाय धरायला पुढं झाल्या.