पंधराशे यार्ड

ऑगस्ट उजाडला की आमच्या गावाचं डोकं ठिकाणावर राहत नाही. अजून एक सामना झालेला नसतो, मैदानावरच्या पांढऱ्या रेघासुद्धा धड ओढलेल्या नसतात, आणि जो तो यंदा आपण किती जिंकणार ते सांगत सुटतो. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, दुसरं काय! या वर्षी तर कहर झाला होता, कारण सगळ्यांच्या तोंडी एकच नाव होतं आणि ते माझ्या भाच्याचं होतं.

टव्हेरियस पेटवे. माझ्या धाकट्या भावाचा मुलगा. तो सहा वर्षांचा असताना त्याची आई गेली. भाऊ लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो, तेव्हा पोर वाढलं ते माझ्या घरात, माझ्या हातचं खाऊन. आता कॉलेजच्या फुटबॉल संघात तो चेंडू घेऊन पळणारा. लांबट चामडी चेंडू काखोटीला मारायचा आणि अंगावर येणाऱ्या अकरा धटिंगणांना चुकवत, नाहीतर तुडवत पुढे जायचं, एवढंच त्याचं काम. गेल्या हंगामात तो नऊशे यार्ड पळाला. यंदा हंगामाआधी निघणाऱ्या मासिकाने त्याचा फोटो पहिल्या पानावर छापला आणि खाली लिहिलं, पंधराशे. कुणी मोजून दिले होते का? पण छापलं ना, मग झालं. पेट्रोल पंपवाल्याने दराच्या पाटीखाली 'पेटवे १५००' अशी अक्षरं चढवली. न्हाव्याच्या दुकानात त्यावरून भांडणं. पाद्रीबाबांनी रविवारच्या प्रार्थनेत आजाऱ्यांसाठी आरोग्य मागितलं, कापसासाठी पाऊस मागितला, आणि मग घसा खाकरून म्हणाले, 'आणि प्रभू, ते पंधराशे.' सगळं चर्च आमेन म्हणालं. खोटं कशाला बोलू, सगळ्यात मोठ्याने मीच म्हणाले.

मी बावीस वर्षं कॉलेजच्या भोजनगृहात वाढायला उभी आहे. पोरं मला मिस व्हर्लीन म्हणतात आणि पानात भाजी टाकली तर माझ्या शिव्या खातात. ऑगस्टमध्ये कॉलेज सुरू व्हायच्या आधीच संघाचा सराव लागतो, आणि ते शंभर राक्षस तिन्ही त्रिकाळ माझ्यासमोर रांगेत असतात. त्यामुळे कोण किती खातो, कोणाचं काय बिनसलंय, हे कोचच्या आधी मला कळतं. निदान मला तसं वाटायचं.

सरावातला पहिला मोठा सामना शनिवारी झाला, आपल्याच पोरांत. गाव बघायला लोटलं. तिसऱ्यांदा चेंडू हाती आला तेव्हा टव्हेरियसला दोघांनी मिळून आडवा केला आणि त्याच्या हातून चेंडू सुटला. आता आमचे कोच डनव्हंट यांचा एक कायदा आहे. ज्याच्या हातून चेंडू सुटेल त्याने आठवडाभर तो चेंडू अंगावेगळा करायचा नाही. जेवताना, झोपताना, देवाच्या दारातसुद्धा. आणि तो हिसकावायची सगळ्या गावाला मुभा. जो पाडेल त्याने तो स्वतः नेऊन कोचच्या पुढ्यात ठेवायचा, आणि मग पाडून घेणाऱ्याने स्टेडियमच्या सगळ्या पायऱ्या वरखाली पळायच्या. गावाला तेवढंच हवं असतं. रविवारी चर्चमध्ये चर्चचा कारभार बघणाऱ्या ऐंशी वर्षांच्या डीकनने हस्तांदोलन करता करता फटका मारून पाहिला. पेट्रोल पंपावर बायका टपून. टव्हेरियसने चेंडू कुणाच्या हाती लागू दिला नाही, आणि लोक म्हणाले, बघा, हा पोरगा यंदा चेंडू सोडतच नाही.

मला मात्र काहीतरी खटकत होतं. चेंडू कायम डाव्या काखेत. लहानपणापासून हा पोरगा उजव्या हाताचा. माझ्या अंगणात भोपळा घेऊन पळायचा तोही उजव्या हातात. मी विचारलं तर म्हणाला, कोचनी दोन्ही बाजूंची सवय करायला सांगितलीय. बरं बाबा. पण मग सोमवारी त्याने काटा उचललाच नाही, नुसती मक्याची भाकरी डाव्या हाताने मोडून खाल्ली. मंगळवारी तेच. 'भूक नाही का रे?' तर म्हणे ऊन फार आहे. ऊन होतंच, जीव नकोसा करणारं, पण उन्हाने कुणी काटा उचलायचा राहत नाही. घरी गेले की मला एका जागी बसवेना. घासलेलं पातेलं पुन्हा घासायची, अंगणात जायची, कशाला आले ते विसरून परत यायची. भावाचा फोन यायचा, तो कुठल्या तरी महामार्गावरून ओरडून विचारायचा, आपला वाघ कसा आहे? मी म्हणायची, मजेत. पहिला सामना दहा दिवसांवर आला होता.

गुरुवारी सकाळी रांग लागली होती. मी मक्याची पेज वाढत होते, चुलीवरून नुकती उतरलेली, अजून बुडबुडे येणारी. टव्हेरियसने उजव्या हाताच्या मनगटावर ताट तोललं होतं, चेंडू डाव्या काखेत. मागून एका दांडगटाने चेंडूवर फटका मारला. धक्का माझ्या पळीला लागला आणि ती पळीभर पेज टव्हेरियसच्या उजव्या बोटांवर सांडली.

त्याने हात मागे घेतला नाही. बघितलंसुद्धा नाही. गर्रकन वळून त्याने चेंडू पोटाशी दाबला आणि हसत त्या दांडगटाला म्हणाला, 'जमणार नाही, भाऊ.' चामडी लालभडक झालेली, पेज बोटांवरून टपटप गळतेय, आणि हा हसतोय. सगळं भोजनगृह टेबलं बडवायला लागलं. एक जण ओरडला, हात जळाला पण चेंडू सोडला नाही! सहायक कोच उभा राहून टाळ्या वाजवत होता. सगळ्यांना त्यात मर्दानगी दिसली. मला मात्र ती बोटं दिसली. बावीस वर्षांत माझ्या हातून तीनदा पेज सांडलीय, आणि तिन्ही वेळा समोरचा राक्षस लहान पोरासारखा किंचाळलाय.

मी त्याला कोपराला धरून मागच्या कोठारात नेलं आणि हात नळाखाली धरला. मग चिमटा काढला, चांगला जोरात. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला, हाताकडे नाही.

"कधीपासून?" मी विचारलं.

"शनिवारपासून." मग एकदम सगळं बाहेर आलं. दोघांनी पाडलं तेव्हा मानेतून वीज गेली, थेट बोटांपर्यंत. म्हणूनच चेंडू सुटला. आधी मुंग्या, मग काहीच नाही. संघाच्या डॉक्टरला सांगितलं नाही. आठवडाभर हलका सराव होता म्हणून खपून गेलं.

"आणि आज दुपारचा सराव?"

"आज पूर्ण ताकदीने एकमेकांच्या अंगावर जायचंय."

"तुझं डोकं फिरलंय का रे मेल्या?"

"परत येईल गं हात. थोडे दिवस दे. आत्या, मी आता बसलो तर माझी जागा त्या नव्या क्विंडेलला मिळेल. एकदा गेली की गेली."

"जाऊ दे गेली तर."

"जाऊ दे?" तो पहिल्यांदाच माझ्यावर आवाज चढवून बोलला. "पंधराशे म्हणताना आमेन कोण म्हणालं होतं? तू म्हणालीस. मला तिसऱ्या रांगेत ऐकू आलं."

तो चेंडू घेऊन निघून गेला. कुणाला सांगायचं नाही असं वचन त्याने माझ्याकडून मागितलं नाही. मी सांगणार नाही असं तो धरूनच चालला होता. आणि खरं सांगू? त्यानंतरचे तीन तास मी तेच करायचं ठरवत होते. कांदे चिरत होते आणि स्वतःला समजावत होते. पोर तरुण आहे, नस दबली असेल, सुटेल. वर्षभर नीट पळाला तर मोठ्या संघांत जाईल, भावाचा ट्रक सुटेल. माझ्या खुर्चीवर त्याच्या नंबरचा शर्ट लटकत होता, यंदाच विकत घेतलेला नवा. मग मला दिसायचं, दुपारी कुणीतरी धावत येऊन त्याच्या मानेवर आदळतोय. घड्याळात बघायची, पाच मिनिटंसुद्धा झालेली नसायची.

दुपारच्या जेवणाला ते सगळे आले. कोच डनव्हंट कोपऱ्यातल्या टेबलावर बसले होते. मी पळी खाली ठेवली. बावीस वर्षांत वाढणं चालू असताना मी वाढायच्या ओट्यामागून बाहेर पाऊल टाकलेलं नव्हतं. पोरं बघायलाच लागली.

"टव्हेरियस," मी म्हणाले, "चेंडू उजव्या हातात घे."

खसखस पिकली. मिस व्हर्लीन चेंडू पाडणार! कुणी शिट्टी मारली. तो माझ्याकडे बघत होता, असं बघत होता की मला अजून झोपेत तो चेहरा दिसतो. नाही म्हणाला असता तर मी काय करणार होते? पण शंभर जणांसमोर आत्याला नाही म्हणायची ताकद त्याच्यात नव्हती, आणि ते मला माहीत होतं. त्याने चेंडू उजव्या काखेत सरकवला, बोटं चेंडूच्या टोकावर ठेवली. मी एका बोटाने ढकलला. चेंडू फरशीवर पडला आणि टेबलाखाली घरंगळत गेला.

आधी हसले सगळे. मी तो आणून पुन्हा त्याच्या उजव्या हातात दिला. पुन्हा पडला. या वेळी कुणी हसलं नाही. कोच खुर्ची सरकवून उभे राहिले होते.

कायदा म्हणजे कायदा. मी चेंडू उचलला आणि त्यांच्या ताटाशेजारी ठेवला. "याला पायऱ्या पळायला लावू नका," मी म्हणाले. "याला डॉक्टरकडे न्या. शनिवारपासून हात मेलाय त्याचा."

संध्याकाळपर्यंत त्याला शहरातल्या मोठ्या इस्पितळात नेलं. मानेतली चकती फुटून मज्जारज्जूवर दाबत होती. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आणखी एक टक्कर बसली असती तर मानेखालचं सगळं गेलं असतं. बुधवारी शस्त्रक्रिया झाली. हात बराचसा येईल म्हणाल्या. खेळणं विसरा म्हणाल्या, कायमचं.

भाऊ फोनवर म्हणाला, 'आधी मला तरी सांगायचंस, चारचौघांत कशाला?' बरोबरच होतं त्याचं. चर्चमधल्या बायका माझ्याशी नीट बोलल्या, पण आजारी माणसाशी बोलतात तशा. पेट्रोल पंपावर सोमवारी नवी अक्षरं चढली, 'क्विंडेल १०००'. आणि टव्हेरियस माझ्याशी एक शब्द बोलत नव्हता. नर्सशी बोलायचा, सफाईवाल्याशी थट्टा करायचा. मी खोलीत आले की छताकडे बघायचा. मी रोज यायची, रोज तिथेच बसायची, पाय हलवत. मी काही चुकीचं केलं नाही, हे मी स्वतःला इतक्यांदा सांगितलं की त्याचा अर्थच जायला लागला.

शनिवारी दुपारी पहिला सामना. मी विचारलं, टीव्ही लावू की नको? शेवटी नर्सने येऊन लावून दिला. तो मानेला जाड पट्टा बांधून उताणा पडलेला, मी शेजारी खुर्चीत. मी ठरवलं होतं, तोंडातून चकार शब्द काढायचा नाही.

सामना सुरू होऊन दहा मिनिटं झाली नसतील. क्विंडेलला चेंडू मिळाला. डावीकडे गेला, एकाला चुकवलं, दुसरा त्याच्या पायाला लटकला तर त्याला फरफटत नेलं, आणि मग पुढे मोकळं मैदान. साठ यार्ड. कधी उठले मला कळलं नाही. मी उभी होते, दोन्ही हात वर, खुर्ची मागे पडलेली, आणि ओरडत होते, "पळ रे! पळ माझ्या राजा!"

तो शेवटची रेघ ओलांडून गेला तेव्हा मला भान आलं. मी कुठे उभी आहे, कुणाच्या खाटेशेजारी. माझे हात हळूहळू खाली आले. लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हात का खाली घेतलेस, आत्या?" टव्हेरियस म्हणाला. नऊ दिवसांनी. "पोचला की तो."

मी त्याच्याकडे बघितलं. पट्ट्यामुळे त्याला मान वळवता येत नव्हती. डोळ्यांतलं पाणी दोन्ही बाजूंनी कानांत चाललं होतं, आणि मला ते दिसू नये म्हणून त्याला काहीच करता येत नव्हतं. मग मीच तोंड फिरवलं, खुर्ची उचलली आणि सामना बघत बसले.